सोळाशे तासांचे भविष्य

राशिभविष्यावर माझा विश्वास नाही. पण दोन वर्षांपूर्वी एसीवर चिकटवलेल्या एका कागदावर मात्र मी डोळे मिटून विसंबलो. पाच तारे, आणि खाली आकडा: वर्षाला ८०० युनिट.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, डोंबिवलीच्या उकाड्यात दोन उन्हाळे झोप उडाली होती. पण "बिल कोण भरणार?" या एका प्रश्नावर ते डॉक्टरांनाही गप्प करीत. जन्म सगळा हिशेबखात्यात गेलेला! तो कागद त्यांनी भिंगातून वाचला.

"हे ८०० कशावरून?"

मी पाठ करूनच आलो होतो. २०१८ पासून हा आकडा मोसमाच्या हिशेबाने काढतात. बाहेर २४ ते ४३ अंशांपर्यंत कोणते तपमान किती तास असते ते धरायचे, त्या त्या वेळी यंत्र किती उष्णता बाहेर टाकील नि किती वीज खाईल ते मांडायचे. एकूण तास १६००.

"आठ तासांच्या दोनशे रात्री," अण्णा तत्काळ म्हणाले. "हवामान डोंबिवलीचे?"

"साऱ्या देशाचे मिळून एकच."

"आणि चाचणीच्या खोलीत किती अंश?"

"२७."

"आणि तुम्ही लावणार २० वर!"

"२४," मी तडजोड केली.

म्हातारा चुकत नव्हता. आमच्या दमट हवेतले पाणी काढण्यात किती वीज जाते, पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत कशी तापलेली असते, नातू दार कसे सताड टाकतो, हे त्या कागदाला कुठले ठाऊक? तरी एसी आला. अण्णांच्या हट्टाखातर त्याला वेगळा मीटरही बसला आणि अण्णांची वही सुरू झाली.

वर्ष भरले. ७९० युनिट! मी विजयी मुद्रेने घरभर हिंडलो.

"पुरे," सौ. म्हणाली. "मामंजी रोज रात्री एक वाजता उठून एसी बंद करतात. पहाटे त्यांचा सदरा पिळून काढावा असा असतो."

मी वही उघडली. तासांच्या रकान्याची बेरीज होती ९४०.

"अण्णा, हे काय?"

"अंदाजपत्रकाबाहेर खर्च जाऊ द्यायचा नसतो," अण्णा शांतपणे म्हणाले. "आकडा तू दिला होतास."

त्या रात्री रिमोट मी माझ्या उशाखाली घेऊन निजलो. दुसऱ्या दिवशी मीटर काढून टाकला. वही मात्र काही केल्या ते देईनात.