'फ्री' म्हणजे नेमकं काय?

आज 'फ्री' हा शब्द घेऊ. तुम्ही म्हणाल, यात शिकायचं काय? मलाही तसंच वाटलं होतं.

पुण्यात मी रशियन शिकत होतो. 'मी उद्या फ्री आहे' या इंग्रजी वाक्याचं रशियन करायचं होतं. शब्दकोशात दोन शब्द दिसले : 'स्वबोद्नी' आणि 'बिस्प्लात्नी'. मी दुसरा उचलला. बाई हसून म्हणाल्या, "म्हणजे उद्या तू फुकट मिळणार का?" सगळा वर्ग हसला. माझा चेहरा पडला.

रशियनमध्ये 'बेझ' म्हणजे विना आणि 'प्लाता' म्हणजे मोबदला. त्यावरून 'बिस्प्लात्नी', म्हणजे विनामोबदला. आता ही वाक्यं पाहा :

• खुर्ची फ्री आहे : मराठीत रिकामी, रशियनमध्ये स्वबोद्नी.
• देश फ्री झाला : मराठीत स्वतंत्र, रशियनमध्ये पुन्हा स्वबोद्नी.
• पुस्तक फ्री मिळालं : मराठीत फुकट, रशियनमध्ये बिस्प्लात्नी.
• शुगर-फ्री चहा : मराठीत बिनसाखरेचा, रशियनमध्ये 'बेझ साखरा'. हो, साखरच! दोन्ही शब्दांचं मूळ आपल्या 'शर्करा'त आहे.

खुद्द इंग्रजीलाही हा शब्द अडचणीत आणतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1980च्या दशकात 'फ्री सॉफ्टवेअर'ची चळवळ सुरू केली. इथे फ्री म्हणजे फुकट नव्हे, वापरण्याचं आणि बदलण्याचं स्वातंत्र्य, हे त्यांना वारंवार समजावून सांगावं लागलं. रशियन लोक सरळ 'स्वबोद्नी' म्हणतात. आपणही 'मुक्त' म्हणतो, 'मोफत' नाही.

माझं चुकलं कुठे, ते खूप उशिरा कळलं. मी मराठी माध्यमाचा. परकी भाषा इंग्रजीतूनच शिकायची, तिथे मराठीचं काय काम, असं मनात पक्कं बसलं होतं. खरं तर 'मोकळा' आणि 'फुकट' यातला फरक मला लहानपणापासून माहीत होता. 'उद्या मी मोकळा आहे' एवढं मनात म्हटलं असतं, तरी चूक टळली असती. मराठी आणि रशियन शब्दांच्या जोड्या नेहमी जुळतात असं नाही, वरची 'स्वबोद्नी'ची उदाहरणं पाहाच. पण अर्थ आधी आपल्या भाषेत नीट पकडला, की पुढचा शब्द शोधणं सोपं जातं.

आता तुमचा गृहपाठ : इंग्रजी 'राइट' या शब्दाला मराठीत किती वेगवेगळे शब्द आहेत? प्रत्येकाचं एक वाक्य करा. शब्दकोश नंतर उघडा!