रात्रीची वेणी

निजतांना केस कसे राखावेत, या विषयावर लेख लिहिला आहे असें पाहून कित्येक वाचकांच्या ओठांवर हसूं येईल, हें आम्ही जाणून आहों. विद्या, शील, उद्योग असे थोर विषय सोडून हा विषय कोणी कां निवडावा? परंतु ज्या गोष्टीस रोज हात लावावा लागतो, तिच्याविषयीं चार शब्द समजून घेणें वावगें नाहीं. आणि आमच्या मुलखांत तर केसांच्या एका गुंत्यानें कित्येक मुलींचें सारें आयुष्य गुंतवून टाकिलें आहे. तो प्रकार पुढें येईलच.

आमचें गांव टेंभुर्णी, सोलापूर जिल्ह्याच्या माढें तालुक्यांतलें. पुण्याहून सोलापुरास जाणारा हमरस्ता आमच्या गांवावरून जातो. भीमा नदीवरील उजनीचें धरण जवळच आहे. तें १९८० सालीं पुरें झालें, आणि जेथें पूर्वीं जोंधळा होई त्या पुष्कळ रानांत आतां ऊंस डोलतो. पाणी आलें, तरी हवा मात्र कोरडी ती कोरडीच राहिली. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो. रस्त्याची धूळ, उसाच्या फडांतला कचरा आणि अंगचा घाम, हीं तिन्ही दिवसभर केसांत साठत जातात. अशा गांवांत लांब केस बाळगणें म्हणजे एक लहानसा संसारच संभाळणें होय.

आमच्या घरीं यासाठीं जुनी रीत चालत आली आहे. दिवेलागणीनंतर घरांतल्या आम्ही सर्वजणी ओसरीवर एकीच्या पुढें एक अशा बसतों. मागचीनें पुढचीचे केस सोडवावयाचे, आणि सर्वांच्या मागें आजी. दिवसाची घट्ट वेणी सोडावयाची, रिबीन काढून खुंटीला लावावयाची, बोटांनीं मोठे गुंते मोकळे करावयाचे आणि मग रुंद दातांचा कंगवा हातीं घ्यावयाचा. कंगवा टाळूपासून एकदम खालीं ओढावयाचा नाहीं. आधीं शेवटचें वीतभर टोंक विंचरावयाचें, मग त्याच्या वरचें, असें पायरीपायरीनें टाळूपर्यंत चढावयाचें. बारीक दातांची फणी ही उवालिखा काढण्यासाठीं आहे, तिनें गुंता सोडवूं नये, असा आजीचा दंडक आहे. शेवटीं सैल तिपेडी वेणी घालून टोंकाला मऊ चिंधी बांधली, कीं काम झालें. हिला आमच्या घरीं ‘रात्रीची वेणी’ म्हणतात. दिवसाची वेणी लोकांसाठीं आणि रात्रीची केसांसाठीं, असें आजी म्हणते.

या रीतीच्या मागें केवढें शहाणपण आहे, हें केसांची रचना समजून घेतल्यावर ध्यानांत येतें. माणसाच्या डोक्यावर सुमारें १ लाख केस असतात, आणि त्यांतले ५० ते १०० रोज गळणें हें स्वाभाविकच आहे. त्याची चिंता करण्याचें कारण नाहीं. केस महिन्याला सुमारें १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ज्या मुलीचे केस ७२ सेंटिमीटर लांब आहेत, तिच्या केसांचें टोंक सुमारें ६ वर्षांचें जुनें असतें. त्यानें सहा उन्हाळे पाहिले, आणि दोन हजारांहून अधिक रात्री तें उशीवर घासलें गेलें. केसाचें मूळ तेवढें जिवंत. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. बोट कापलें तर जखम भरून येते, परंतु झिजलेला केस भरून येत नाहीं. जें एकदां बिघडलें तें दुरुस्त होणारें नाहीं, म्हणून बिघडूं न देणें एवढाच उपाय आपल्या हातीं उरतो.

सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं केस पाहिला तर त्याच्यावर बारीक खवले दिसतात. छपरावर कौलें जशीं एकावर एक रचलेलीं असतात, तसे हे खवले मुळाकडून टोंकाकडे रचलेले असतात. एक गळालेला केस चिमटींत धरून मुळाकडून टोंकाकडे बोटें फिरवावीं. तो गुळगुळीत लागतो. उलट फिरवावीं; किंचित् अडखळल्यासारखें होतें. मेंढीच्या लोकरीवरही असेच खवले असतात. लोकर ओली करून चेपली व चोळली म्हणजे एका तंतूचे खवले दुसऱ्याच्या खवल्यांत अडकतात, आणि न विणतां, न शिवतां त्या लोकरीचा जाड बुरणूस तयार होतो. बुरणूस होण्यास ओल, घासणें आणि वेळ या तीन गोष्टी लागतात. आतां वाचकांनींच विचार करावा. घामानें किंवा न्हाण्यानें ओले राहिलेले केस, खालीं खरबरीत अंथरूण आणि कूस पालटीत काढलेली रात्र, यांत या तिहींपैकीं कोणती गोष्ट कमी आहे? मोकळे केस टाकून निजणारी मुलगी जणूं आपल्याच डोक्यावर बुरणूस करावयास बसते. सैल वेणीनें केस एकमेकांस लागून सरळ राहतात, एकमेकांवर फिरत नाहींत, आणि उशीवर घासण्यास थोडेच बाहेर उरतात. वेणीचें सारें कार्य एवढेंच आहे.

अंथरुणाविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमचा जिल्हा चादरींचा. सोलापुरी चादर जाड, टिकाऊ आणि उठावदार विणीची असते. थंडींत तिच्यासारखी सोबतीण नाहीं. परंतु जी वीण अंगाला ऊब देते, तीच केसांना घासते. घोंगडीची गोष्ट तर बोलावयासच नको, आणि जुन्या वाकळेचे टांके केस ओढून धरतात. म्हणून पांघरूण खुशाल जाड असावें, पण डोक्याखालीं मऊ व गुळगुळीत कापड असावें. यासाठीं दुकानांतून कांहीं विकत आणण्याची गरज नाहीं. इरकली लुगड्याचें अंग सुती असलें, तरी त्याचा पदर रेशमी असतो. अंग विरून गेलें तरी पदर पुष्कळदां शाबूत राहतो. अशा जुन्या पदराचे अभ्रे आमच्या घरीं शिवलेले आहेत. तेंही नसेल, तर धुऊन धुऊन मऊ झालेलें जुनें धोतर चालतें. मात्र अभ्रा आठवड्याला धुतलाच पाहिजे. नाहीं तर टाळूचें तेल व धूळ पुन्हा केसांतच जावयाची.

केस ओले असतांना निजूं नये, हा नियम सर्वांत महत्त्वाचा. पाण्यानें केस फुगतो, अधिक ताणला जातो व लवकर तुटतो. ओली वेणी रात्रभर आंतून ओलीच राहते, आणि टाळूला खाज व वास येऊं लागतो. आमच्या गांवांत म्हणून न्हाण्याचा वार असला कीं सकाळींच न्हावें, आणि ऊन चढण्यापूर्वीं सावलींत केस वाळवावे. संध्याकाळींच न्हाणें भाग पडलें, तर जुन्या सुती कापडानें केस दाबून टिपावे, झटकूं नयेत, आणि पुरते वाळल्याखेरीज वेणी घालूं नये.

तेलाविषयीं लोकांत अनेक मतें आहेत. मुंबईतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेंत खोबरेल, सूर्यफुलाचें तेल व खनिज तेल यांची तुलना करण्यांत आली, आणि तिचा निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला. न्हाण्यापूर्वीं वा नंतर लावलेल्या खोबरेलानें केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी होतो. इतर दोन तेलांनीं तसें होत नाहीं, असें त्यांत आढळलें. खोबरेलाचा मुख्य अंश लहान व सरळ कणांचा असल्यामुळें तो केसाच्या आंत शिरतो, हें त्याचें कारण सांगतात. आमच्या बाजूस नारळ पिकत नाहीं. तेल विकतच घ्यावें लागतें. म्हणून तें काटकसरीनें वापरावें हेंच बरें. तळहातावर चार थेंब घेऊन केसांच्या खालच्या अर्ध्या भागास लावले, म्हणजे पुरे. उशी भिजेपर्यंत तेल ओतल्यानें धूळ मात्र अधिक चिकटते.

आणि वेणी घट्ट नसावी. केस घट्ट ओढून बांधले, कीं ते लांब होतात, असा समज पुष्कळ घरांत आहे. खरें पाहतां नित्य ताणानें कपाळाच्या कडेचे व कानशिलांवरचे केस विरळ होतात, आणि तो ताण वर्षानुवर्षें राहिला तर तेथें पुन्हा केस येत नाहींत. ग्रीनलंडांतील स्त्रियांत अशा ताणानें पडणाऱ्या टकलाचें वर्णन १९०७ सालींच झालें आहे. दिवसा शाळेच्या शिस्तीसाठीं वेणी घट्ट घालावी लागते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु निदान रात्रीं तरी टाळूला सुटी द्यावी.

आतां ज्या गुंत्याचा आरंभीं उल्लेख केला, त्याकडे वळूं. केसांचा गुंता वेळीं सुटला नाहीं, तर तो दिवसेंदिवस आवळत जाऊन त्याची जट होते. जट म्हणजे डोक्यावरचा बुरणूसच. दुसरें कांहीं नाहीं. परंतु आमच्या दक्षिण महाराष्ट्रांत व शेजारच्या कर्नाटकांत जट दिसली कीं ‘देवी आली’ असें म्हणत. ती विंचरावयाची नाहीं, कापावयाची नाहीं. कापली तर घरावर कोप होईल, अशी भीति घालीत. अशा कित्येक मुली सौंदत्तीच्या यल्लम्मास वाहिल्या गेल्या, त्यांचें लग्न झालें नाहीं, आणि जोगतीण म्हणून त्यांनीं उभा जन्म काढिला. केस विंचरावयास कोणास सवड झाली नाहीं, एवढ्याच कारणानें पोरीचें नशीब ठरून गेलें!

उसाच्या हंगामांत आमच्या शिवारांत तोडणी कामगारांच्या टोळ्या उतरतात. त्यांच्या बायका पहांटेच्या अंधारांत उठून भाकरी थापतात आणि फडांत जातात. परत येतात त्या मोळ्या वाहून थकलेल्या. एका सालीं त्यांतलीच एक बाई पाणी मागावयास आमच्या दारीं आली. तिच्यासंगें आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. मुलीच्या मानेवर लिंबाएवढा गुंता झाला होता. आजीनें हात पुढें केला, तशी ती बाई घाबरून म्हणाली, “आजी, हात लावूं नका. देवीची हाय म्हणत्यात समदी.”

आजीनें तिच्याशीं वाद घातला नाहीं. तिला बसविलें, पाणी दिलें आणि म्हणाली, “देवीची असंल तर तेलानं सुटायची न्हाई. मी निस्तं तेल लावून बघते.” मग तिनें त्या गुंत्याला खोबरेल लावलें आणि बोटांनीं एक एक केस बाहेर काढावयास आरंभ केला. पहिल्या दिवशीं पाव भागही सुटला नाहीं. दुसऱ्या दिवशीं बाई आपण होऊन मुलीला घेऊन आली. तिसऱ्या संध्याकाळीं, कात्री न लावतां, तो गुंता मोकळा झाला. थोडे केस तुटले तेवढेच. मुलगी आपल्या मानेवरून पुन्हा पुन्हा हात फिरवून पाहत होती. तिची आई कांहीं वेळ गप्प राहिली, आणि मग तिनें जाणतां जाणतां आजीकडे जुना कंगवा मागितला. आजीनें तो दिला, आणि सैल वेणी कशी घालावी, हें त्याच मुलीच्या केसांवर दाखविलें.

सगळ्याच जटा अशा बोटांनीं सुटत नाहींत. वर्षानुवर्षांची जट कापावीच लागते. तिच्या ओझ्यानें मान दुखते, आंत उवा होतात, टाळूस फोड येतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ सालीं स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायकांची समजूत घालून, त्यांच्या संमतीनें जटा काढितात. डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला, तरी तें काम थांबलेलें नाहीं. कायद्यानेंही यांत हात घातला आहे. मुंबई इलाख्यांत देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ सालीं झाला, आणि महाराष्ट्रानें मुली देवास वाहण्याविरुद्ध नवा कायदा २००५ सालीं केला. हा भ्रम एकट्या आमच्याच मुलखाचा होता असेंही नाहीं. युरोपांत पोलंड देशांतील लोक जट कापल्यास आजार बळावतो असें मानून ती जपत असत; एकोणिसाव्या शतकांत क्राकोव्ह येथील वैद्य युझेफ डीट्ल यांनीं त्या समजुतीविरुद्ध नेटानें प्रयत्न केले. लोकांच्या मनांतली भीति जाण्यास तेथेंही पुष्कळ काळ लागला.

कायदा व कात्री यांचें काम जट झाल्यावरचें. ती होऊंच नये, यासाठीं लागणारी गोष्ट मात्र प्रत्येक घरांत आहे: एक रुंद कंगवा, चार थेंब तेल, एक मऊ चिंधी आणि निजण्यापूर्वींचा पाव घटका वेळ. ज्या घरीं आई थकून येते, तेथें हा वेळ थोरल्या बहिणीनें धाकटीस द्यावा. वार्षिकाच्या वाचकांत अशा थोरल्या बहिणी पुष्कळ असतील. त्यांनीं आजच्या रात्रीं आपली पुस्तकें मिटल्यावर धाकटीस हांक मारावी, तिला पुढ्यांत बसवावें, आणि विंचरण्यास टोंकाकडून आरंभ करावा.