दोन लाव्हांच्या मधलं आयुष्य

पुण्यात राहायचं म्हणजे काळ्या कातळावर राहायचं. पाताळेश्वर याच कातळात कोरलेला, शनिवारवाड्याचं दगडी जोतं याचंच, आणि सोसायटीचा पाया खणताना ब्रेकरचा कानठळ्या बसवणारा आवाज सुरू झाला की समजायचं, मुरूम संपला, हा लागला. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हा सगळा दगड वाहता होता. आज जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. लाव्हाच्या या प्रचंडपणाबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला मात्र ओढ आहे ती दोन लाव्हांच्या मधल्या काळाची.

तो काळ डोळ्यांना दिसतो. पुण्याच्या आसपासच्या घाटांत रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, तिथे काळ्या थरांमध्ये मध्येच एखादा वीटकरी पट्टा आडवा गेलेला असतो. कुठे वीतभर, कुठे हातभर. बोट फिरवलं तर बोटाला तांबडी पूड लागते. खालचा लाव्हा थंड झाला, त्यावर ऊन-पाऊस पडत राहिला, दगडाची माती झाली. मग पुढचा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून काढली. अशी उसंत कधी शेकडो वर्षांची, कधी हजारोंची. तेवढ्यात तळी भरत, झाडं वाढत, बेडूक येत, डायनासोर येत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्या काळच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. त्यांत गवताचे अवशेष आहेत, हे 2005 साली सिद्ध झालं, आणि त्यातलं काही भाताच्या कुळातलं आहे.

आणि याच उसंतीत एक उंदराएवढा सस्तन प्राणी झाडांवर वावरत होता. त्याचं नाव डेक्कनोलेस्टिस.

तो पुण्याच्या दगडात मिळणार नाही. इथे थरावर थर जाड, मधला तळ्याचा गाळ फारसा उरलेलाच नाही. त्यासाठी पठाराच्या कडेला जावं लागतं, जिथे लाव्हा पातळ होत गेला. तेलंगणात विकाराबादकडे नासकल नावाचं गाव आहे. तिथल्या दोन थरांमधला गाळ जीवाश्मशास्त्रज्ञ अशोक साहनी आणि त्यांचे विद्यार्थी जी. व्ही. आर. प्रसाद यांनी पाण्यात भिजवला, बारीक चाळण्यांतून धुतला आणि चाळणीवर राहिलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली दाणा-दाणा करून निवडला. हाती आले ते मोहरीच्या दाण्याएवढे दात. 1988 साली ‘नेचर’मध्ये ते जाहीर झाले: डायनासोरांच्या शेवटच्या काळातला, भारतात मिळालेला पहिला सस्तन प्राणी.

त्या प्रजातीला त्यांनी ‘हिस्लोपी’ म्हटलं, याचा मला मराठी माणूस म्हणून विशेष आनंद आहे. स्टीफन हिस्लॉप नागपूरचे मिशनरी. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याला बरोबर घेऊन ते नागपूरच्या परिसरात लाव्हांच्या मधल्या गाळातले जीवाश्म गोळा करत हिंडले, आणि 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नदीच्या पुरात बुडाले. नागपूरकर आजही हिस्लॉप कॉलेजात शिकतात.

त्या दाताकडे जरा थांबून पाहायला हवं. वरच्या दाढेला तीन टोकं, खालच्या दाढेला मागे एक खळगी. तोंड मिटलं की वरचं टोक बरोबर त्या खळगीत बसतं. कडांनी किड्याचं कवच कापायचं, खळगीत मऊ भाग चेचायचा, एकाच चाव्यात दोन्ही कामं. याच घडणीतून पुढे आपल्या दाढा आल्या. भाकरी चावताना आपण तेच करतो. दातांखेरीज घोट्याची हाडंही मिळाली. 1994 साली त्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की पाऊल सहज वळवता येणारा, झाडावर चढणारा हा प्राणी होता.

मग साहजिकच वाद पेटला: हा माकडांचा, म्हणजे आपला, दूरचा पूर्वज तर नव्हे? 2010 च्या सुमारास ही शक्यता गांभीर्याने मांडली जात होती. मला स्वतःला ती कधीच तितकीशी रुचली नाही. आपल्याशी नातं निघालं तरच एखाद्या जिवाची थोरवी, असं का असावं? 2011 साली अंजली गोस्वामी, प्रसाद आणि सहकाऱ्यांनी नवे दात हाती घेऊन पुन्हा मांडणी केली आणि त्याला आपल्या वंशाच्या बरंच बाहेर, एका जुन्या शाखेत बसवलं. डेक्कनोलेस्टिसला स्वतःचं घराणं मिळालं.

त्या घराण्याची पुढची हकिगत मला सर्वांत मोलाची वाटते. लाव्हा वाहत होता, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अशनी कोसळली, पिसदुऱ्याचे महाकाय डायनासोर संपले. पण या लहानग्यांचे भाईबंद टिकले. डायनासोर गेल्यानंतरच्या युगातले त्याच घराण्याचे दात उत्तर आफ्रिकेत मिळाले आहेत, बेल्जियममध्ये आणि जर्मनीतही. सर्वांत जुने मात्र आपल्या पठाराच्या कडेचे. म्हणून या घराण्याची सुरुवात भारतातच झाली असावी, असा एक अंदाज आहे. आणि तेव्हा भारत हे समुद्रातलं बेट होतं, आशियाला टेकायला अजून लक्षावधी वर्षं बाकी होती.