लायडन, डेल्फ्ट आणि आपलं वेंगुर्ला

नेदरलँड्सला येणारा भारतीय पाहुणा ॲमस्टरडॅम पाहतो, ट्यूलिपच्या बागा पाहतो आणि परततो. इथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हा चौघा मित्रमैत्रिणींना मात्र शनिवार-रविवार मोकळा मिळाला की आसपासची गावं धुंडाळायची सवय लागली आहे. या खेपेला लायडन आणि डेल्फ्ट ठरलं. उट्रेख्तहून आगगाडीनं पाऊण तासात लायडन, पुढे वीसेक मिनिटांवर डेल्फ्ट. दोन्ही गावं पायी हिंडण्याजोगी.

लायडनमध्ये पहिल्यांदा चढलो ते बुर्ख्तवर. मातीच्या उंचवट्यावर बांधलेली ही जुनी गोल तटबंदी. वरून कौलारू छपरं आणि होखलांडसे चर्चचा अवाढव्य देह दिसतो. १५७४च्या मे महिन्यात या गावाला स्पेनच्या फौजेनं दुसऱ्यांदा वेढा घातला. राजा दुसरा फिलिप याच्याविरुद्ध उठलेल्या डच प्रांतांचा नेता होता ऑरेंजचा राजपुत्र विल्यम. लायडन सोडवायला त्याच्याकडे पुरेशी फौज नव्हती, पण पाणी होतं. ऑगस्टमध्ये त्यानं नद्यांचे बांध फोडायला लावले. शेतं बुडवायची आणि त्या पाण्यावरून सपाट तळाच्या होड्या गावापर्यंत न्यायच्या, असा बेत होता. जमीन गमावण्यापेक्षा ती नासलेली बरी, असं तेव्हा म्हटलं जाई.

हे ऐकून आमची सांगलीची मैत्रीण गप्प झाली. २०१९च्या पुरात कृष्णेचं पाणी तिच्या घरात शिरलं होतं. ‘ज्यांची शेतं बुडाली, त्यांना कुणी विचारलं होतं का?’ ती म्हणाली. लायडनच्या विजयाची गोष्ट सांगताना हा प्रश्न गाळता येत नाही, असं मला तेव्हापासून वाटतं.

पाणी आलं, पण पुरेसं चढेना. होड्या वाटेत रुतल्या. गावात अन्न संपलं, त्यात प्लेग. हजारो माणसं गेली. शरण जाण्याचा आग्रह करणाऱ्या भुकेल्या जमावाला महापौर व्हान डेर वेर्फ यानं ‘हवं तर माझा हात खा’ असं सांगितल्याची दंतकथा आहे. त्याचा पुतळा बागेत उभा आहे. ती बागही एका आपत्तीतून झाली. १८०७ साली दारूगोळ्यानं भरलेलं एक जहाज इथे फुटलं आणि आसपासची घरं भुईसपाट झाली. ती मोकळी झालेली जागा म्हणजे ही बाग.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वादळी वाऱ्यानं पाणी आत ढकललं. स्पॅनिश फौज रातोरात निघून गेली आणि ३ ऑक्टोबरला होड्या गावात शिरल्या. त्यांतून आलेली हेरिंग मासळी आणि पांढरा पाव आजही दर ३ ऑक्टोबरला गावकऱ्यांना वाटतात. पुढच्याच वर्षी, १५७५मध्ये, विल्यमनं इथे विद्यापीठ स्थापन केलं, देशातलं पहिलं. उपासमारीतून उठलेल्या गावाच्या पदरात विद्यापीठ टाकणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

रविवारी डेल्फ्टला त्याचा शेवट पाहिला. प्रिन्सेनहोफ हा मूळचा मठ, नंतर विल्यमचं निवासस्थान. फिलिपनं त्याच्या डोक्यावर बक्षीस लावलं होतं. १० जुलै १५८४ला बाल्थासार जेरार्ड नावाच्या माणसानं जिन्यापाशी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. भिंतीतली गोळ्यांची भोकं जपून ठेवली आहेत. घराण्याची दफनभूमी असलेलं ब्रेडा शत्रूच्या ताब्यात होतं, म्हणून त्याला डेल्फ्टच्याच नव्या चर्चमध्ये पुरलं. डच राजघराण्याचं दफन आजही तिथेच होतं.

चर्चपासून थोडं चाललं की आउडे डेल्फ्ट कालव्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीची जुनी इमारत लागते. १६०२ साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टची. स्पेनच्या जुलमाविरुद्ध उपाशीपोटी लढलेल्या या लोकांच्या कंपनीनं लायडनच्या सुटकेनंतर पन्नास वर्षंही झाली नसताना, १६२१मध्ये, जायफळासाठी बांदा बेटांवरच्या रहिवाशांची कत्तल केली. स्वातंत्र्याचं मोल कळलेल्या माणसांनी ते दुसऱ्याकडून असं हिरावून घ्यावं, याचा मला राग येतो. नेदरलँड्सचा इतिहास पाहताना प्रिन्सेनहोफ आणि ही इमारत, दोन्ही पाहायला हवीत.

याच कंपनीची वखार वेंगुर्ल्याला होती. तिथून गेलेल्या पत्रांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत. कंपनीची कागदपत्रं हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नीट सांभाळली आहेत. वेंगुर्ल्यातल्या वखारीची मात्र पडझड झाली आहे. कोकणात जाल तेव्हा समुद्राबरोबर तीही पाहून या, मुलांना दाखवा, आणि ती सावरली जावी म्हणून तिथल्या लोकांसोबत आवाज उठवा.