गल्ल्याची बाजू

नाताळबाजाराचा विषय निघाला की एक हळहळ ठरलेली असते: पूर्वी तिथे भक्ती होती, आता नुसता गल्ला उरला. आपल्या जत्रांबद्दलही हेच म्हणतात, म्हणून ते चटकन पटतं. मला मात्र वाटतं, गल्ला तिथे पहिल्यापासून होता. भक्तिभावाचा मुलामा नंतर चढला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट हा नाताळबाजार घ्या. १४३४ साली तिथल्या राज्यकर्त्याने परवानगी दिली ती नाताळच्या आदल्या दिवशी, एकच दिवस, मांस विकायची. नाताळआधीच्या उपासाचे आठवडे सरत आलेले, सणाला घरात मांस हवं, एवढं साधं कारण. न्यूर्नबर्गच्या बाजाराचा सर्वांत जुना पुरावाही कुठलं फर्मान नाही की स्तोत्र नाही. पातळ लाकडी पट्टी वाकवून केलेली, फुलं रंगवलेली, वीतभर लांबीची एक अंडाकृती डबी आहे. ती १६२८ मध्ये रेगिना सुसाना हार्सडॉर्फर या मुलीला नाताळबाजाराची भेट म्हणून मिळाली, अशी नोंद डबीच्या तळाशी आहे. एखाद्या कारागिराने ती विकली, कुणीतरी पैसे मोजले, म्हणून आज बाजाराचं वय सांगता येतं. १७३७ च्या यादीत तर गावातले जवळजवळ सगळे धंदे आहेत आणि माल मांडायचा हक्क १४० जणांना.

आता मुलाम्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूर्नबर्गचा बाजार मुख्य चौकातून हलवला गेला होता. १९३३ मध्ये नाझी राजवटीने तो वाजतगाजत चौकात परत आणला आणि चर्चच्या सज्जातून ‘ख्रिस्तकिंड’ने, म्हणजे बाळ-ख्रिस्ताच्या रूपातल्या मुलीने, बाजार उघडण्याचा देखावा तेव्हाच बसवला. प्राचीन वाटणारी ही प्रथा अशी कालपरवाची आहे. युद्धामुळे बंद पडलेला बाजार १९४८ मध्ये पुन्हा भरला, तो प्रवेश नव्याने लिहिला गेला आणि आज तो लोकांना मनापासून आवडतो. त्यात काही वाईट नाही. पण ‘आमच्या जुन्या बाजाराची शुद्धता’ हे शब्द कुणी उच्चारले की कान टवकारावेत. २०१९ मध्ये ख्रिस्तकिंड म्हणून बेनिग्ना मुन्सी निवडली गेली. न्यूर्नबर्गचीच मुलगी, वडील मूळचे भारतीय. तेवढ्यावरून एका उजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेने कुत्सित मजकूर टाकला, आणि ओरड झाल्यावर तो काढला. स्टॉलवाल्याला गिऱ्हाइकाचं कूळ विचारून परवडत नाही.

कुणी म्हणेल, स्टॉलवालेही हाच जुनेपणा विकतात की. खरंय. सुक्या आलुबुखारांचे हातपाय, अंजिराचं धड, अक्रोडाचं डोकं आणि त्यावर रंगवलेले डोळे, अशी तिथली ‘त्स्वेचगेनमेनले’ बाहुली भूतकाळाच्या नावावरच खपते. तरी फरक राहतो. बाहुली समोर असते. तार सैल आहे का, आलुबुखार चिकट झालंय का, हे गिऱ्हाईक हातात घेऊन बघतं आणि महाग वाटली तर ठेवून पुढे जातं. आठवणीच्या नावाने सांगितलेल्या गोष्टीला असं उलटसुलट करून बघता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: गल्लाच खरा मानला तर सगळीकडे गरम वाइनच उकळत राहील. बाजार मोकळा सोडला तर असं होईलही. म्हणून जागा कुणाला द्यायची हे शहर ठरवतं आणि सजवलेल्या उत्तम स्टॉलना बक्षिसंही देतं. पण जागा ठरवून देणं हाही बाजाराचाच जुना शिरस्ता, १७३७ च्या यादीइतका. त्यासाठी भक्तीची गरज पडत नाही.

राहता राहिला काळ. नाताळआधीच्या आगमनकाळाच्या (अ‍ॅडव्हेंटच्या) पहिल्या रविवारच्या आधीचा शुक्रवार ते २४ डिसेंबर, एवढ्यातच वर्षभराचं काम विकायचं. मग लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाखाली, दगडी फरसबंदीवर लाकडी फळी टाकून, गोठलेल्या बोटांनी सुटे पैसे मोजायचे. २४ तारखेला भर दुपारीच बाजार उठतो. आलुबुखारांची बाहुली २५ तारखेनंतर कोण विचारणार? त्या शेवटच्या तासात भाव करून बघायला हरकत नाही.