वजनाचा रकाना

माझी नोकरी माणसे लिहून घेण्याची. नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर माझी बरीच वर्षे गेली. मित्र मला गमतीने चित्रगुप्ताचा कारकून म्हणतात. मराठी साहित्य घेऊन बी. ए. झालेल्या माणसाला याहून चांगले टेबल मिळाले नसते, असे मला पूर्वी वाटायचे. सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन कुणीतरी यायचा, दुपारी त्याच खुर्चीवर कुणीतरी डोळे पुसत बसलेला असायचा.

जन्माच्या अर्जाचे दोन भाग असतात. डावीकडे बाळाचे नाव, आईबापांची नावे, तारीख, ठिकाण. हा कायदेशीर भाग. तो आमच्याकडे राहतो आणि त्यावरून दाखला निघतो. उजवीकडचा भाग आकडेवारीसाठी. आईचे वय, तिचे शिक्षण, कितवे मूल, गरोदरपण किती आठवड्यांचे, बाळाचे वजन. हा भाग फाडून महिन्याच्या शेवटी गठ्ठा बांधून वर पाठवायचा. डाव्या भागात शुद्धलेखनाची चूक झाली तर माणसे भांडायला येतात. उजव्या भागासाठी आजपर्यंत एकही माणूस भांडायला आलेला नाही.

म्हणूनच की काय, आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. वजनाचा रकाना कोरा आला की तिथे २.५ लिहायचे. मला हे कुणी आदेश म्हणून सांगितले नव्हते. माझ्याआधी टेबलावर असलेले लिहायचे, मीही लिहू लागलो. कोरा रकाना वरून परत येतो, भरलेला येत नाही, एवढेच त्यामागचे तत्त्वज्ञान! अडीच किलो हा आकडाही सोयीचा. त्याच्याखाली वजन असले की बाळ कमी वजनाचे धरतात. अडीच लिहिले की मूल काठावर पास.

२००६ सालची गोष्ट. आमच्या शहराला लागून एक डोंगर आहे. त्याच्या उतारावर पत्र्यांची आणि चिऱ्यांची दाटीवाटीची वस्ती. बहुतेक मंडळी गदग, बागलकोट, विजापूरकडची. पुरुष सकाळी नाक्यावर उभे राहतात, कंत्राटदार येऊन उचलून नेतो. बायका बांधकामावर जातात. तिथला एक तरुण बाप जन्माची नोंद करायला आला. बाळंतपण खोलीतच झाले होते, रात्री गाडी मिळेपर्यंत मूल बाहेर आले होते. मी विचारले, "वजन?" तो हसला. म्हणाला, "साहेब, वजन कौन करेगा? काटा तो दुकान में है।" मीही हसलो, आणि २.५ लिहिले.

दहा-बारा दिवसांनी तोच माणूस परत आला. मला वाटले दाखला न्यायला आला असेल. त्याने खिशातून इस्पितळाचा कागद काढला. बाळ गेले होते. अंग गार पडत चालले म्हणून तिसऱ्या दिवशी दाखल केले होते, नवव्या दिवशी संपले. कागदावर दाखल करतानाचे वजन लिहिले होते, १ किलो ६०० ग्रॅम. त्याने दोन्ही तळवे एकत्र करून दाखवले, "इतना सा था।"

महिना संपला नव्हता. गठ्ठा माझ्याच खणात होता. तो माणूस गेल्यावर मी तो अर्ज काढून बघितला. माझेच अक्षर, माझेच २.५. कुणी मला ओरडले नाही, कुणाला कळलेही नाही. पण त्या दिवशी मला डबा गेला नाही. मी ते मूल मारले नव्हते हे मला समजत होते. पण ते कशाने गेले हे सांगणारा एकुलता एक आकडा मी आधीच पुसून ठेवला होता.

त्यानंतर मी एक वही केली. अर्जावर वजन आले असेल तर ते वस्तीप्रमाणे टिपून ठेवायचो, नसेल तर रकाना कोरा सोडायचो. परत आला तर येऊ दे. माझी वही म्हणजे काही संशोधन नव्हे. पण पाने उलटताना डोळ्यांना दिसायचे ते दिसायचेच. बंगल्यांच्या वॉर्डात तीन, दोन-नऊ, तीन-दोन. डोंगरावर दोन-एक, एक-नऊ, दोन-तीन. एकाच शहरात, एकाच पावसात! दोन सख्ख्या बहिणींची उदाहरणे अजून आठवतात. एक डोंगरावर राहायची, दुसरी एका बंगल्याच्या आवारातल्या खोलीत. मिळकत दोघींची सारखीच. डोंगरावरच्या बहिणीची दोन्ही मुले दोन किलोच्या आसपास, दुसरीचे पावणेतीन. फरक कसला? एकीच्या दारात नळ, दुसरी गरोदरपणात खालून कळशा वाहायची, चुलीचा धूर गिळायची, आणि गटाराच्या कडेला राहून वरचेवर तापाने निजायची. दोन उदाहरणांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण गरिबी नुसती खिशात नसते, ती जागेतही असते, हे मला तेव्हा उमगले.

पुढे वाचनात आले की इंग्लंडात हे काम शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी चोख केले होते. हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाईड नावाच्या बाई होत्या. त्यांच्या देखरेखीखाली १९११ पासून सुईणी प्रत्येक बाळाचे जन्माचे वजन आणि घरी येणाऱ्या आरोग्यसेविका वर्षाचे झाल्यावरचे वजन लिहून ठेवत. त्या वह्या पुढे डेव्हिड बार्कर या डॉक्टरांच्या हाती लागल्या. ज्या भागांत १९२१ ते १९२५ मध्ये अर्भके जास्त दगावली, त्याच भागांत पन्नासेक वर्षांनी हृदयविकाराने जास्त माणसे जातात, हे त्यांनी १९८६ साली मांडले होते. १९८९ साली त्या वह्यांवरून दाखवून दिले की जन्मताना आणि वर्षाचे असताना ज्यांचे वजन कमी, त्या पुरुषांत हृदयविकाराने मरणारे अधिक. एका बाईने रकाना कोरा सोडला नाही, खोटाही भरला नाही, म्हणून हे जगाला कळले. वाचताना माझी मान खाली गेली.

आपल्याकडे पुण्याच्या के. ई. एम. इस्पितळाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत असाच अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीनच्या घरातली. पण गंमत म्हणजे, आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, चरबी मात्र त्या मानाने टिकून! बाहेरून काटकुळे, आतून लठ्ठ. मोठेपणी मधुमेहाला बळी पडण्याची बीजे इथे असावीत, असे त्यांचे म्हणणे.

हे सगळे मी इतक्या तळमळीने का वाचतो, ते आता सांगतो. दोन वर्षांपूर्वी मला साखर निघाली. अंगाने मी पाप्याचे पितर, घराण्यात कुणाला नाही. आईला सांगितले तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "तूं जल्मलो तेन्ना ओंजळींत मावतालो रे!" मी घरीच जन्मलो. आई नऊ महिने भरेपर्यंत भाटकाराच्या कुळागरात राबत होती. वैजिणीने मला कापसात गुंडाळून आईच्या छातीशी बांधले आणि म्हणाली, "हो वाटावलो जाल्यार देवाची कृपा." माझ्या साखरेचे खापर माझ्या जन्मावर फोडता येणार नाही, जिभेचाही वाटा आहेच. पण म्हणजे डोंगरावरचे ते मूल आणि मी, आमच्यात फारसे अंतर नव्हते. मी वाटावलो, एवढेच.

आपल्या गोव्याचे आकडे चांगले आहेत, हे मुद्दाम सांगायला हवे. नमुना नोंदणी सर्वेक्षणाप्रमाणे २०२० साली देशात हजार जन्मांमागे २८ अर्भके दगावली, गोव्यात ५. अभिमान वाटावा असाच आकडा. पण सरासरी ही माझ्या त्या २.५ सारखी असते. ती खोटी नसते, तरी तिच्याखाली एखादा डोंगर आरामात झाकून जातो.

आईला मी विचारले, माझे वजन किती होते गो? ती म्हणाली, "तागडी खंय आशिल्ली?" मग एकदा दप्तरात जाऊन मी माझी स्वतःची जुनी नोंद काढली. बापाचे नाव, गाव, वाडा, सगळे वळणदार अक्षरात लिहिलेले. वजन कुठेच नाही. माझ्याआधीच्या त्या कारकुनाने निदान माझ्या नावावर अडीच किलो मांडले नव्हते, याचे बरे वाटले.