थोर की थॉ?

दुसऱ्याचा उच्चार चुकला की तो सुधारल्यावाचून मला राहवत नाही. पस्तीस वर्षे मास्तरकी केली, तिचाच हा परिणाम असावा. मागल्या दिवाळीत लेकाकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा ही खोड मला चांगलीच भोवली.

तिथे आठ वर्षांच्या नातीशी माझा करार झाला. एका रात्री मी कृष्णाची गोष्ट सांगायची; दुसऱ्या रात्री तिने उत्तरेकडच्या जुन्या देवांची वाचून दाखवायची. पहिल्याच गोष्टीत हातोडा फेकणारा मेघगर्जनेचा देव निघाला. मी म्हटले, "वा! नावाप्रमाणेच थोर दिसतो!"

ती खुदकन हसली. "आजोबा, थोर नाही, थॉ!" जीभ दातांत धरून हवा कशी सोडायची, तेही तिने करून दाखवले.

मास्तराची चूक काढलेली मास्तराला फार झोंबते. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालय गाठले. तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसनने आइसलंडात या कथा लिहून ठेवल्या, त्या भाषेचे उच्चार धुंडाळले. नावातला पहिला ध्वनी नातीचाच बरोबर निघाला. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन इथले लोक 'टोर' म्हणू लागले. तो मूळ ध्वनी जपला आइसलंडीने आणि इंग्रजीने. इंग्रजांचा 'थर्सडे' हा वारही त्याच देवाचा. पण शेवटचा 'र' खणखणीत हवा, तो नातीने गिळला होता! 'ओडिन'मधला 'ड' मुळात मऊ, आणि शेवटचा 'न' आपल्या 'अन्न'सारखा जोड. 'वल्हॅला' म्हणताना ती मधल्या अक्षरावर जोर देई. तो हवा पहिल्यावर. जगाला वेढून बसलेल्या सर्पाच्या नावात 'ज' नव्हे, 'य'.

एवढा दारूगोळा घेऊन मी रात्री बसलो. ती वाचू लागली आणि मी एकेक नाव अडवू लागलो. चौथ्या नावाला तिने पुस्तक मिटले. "मला झोप आलीय," म्हणाली. तिची पुढची पाळी आली, तेव्हा पुस्तक कपाटातच राहिले.

मला माझा आठवीचा वर्ग आठवला. 'प्लेझर' हा शब्द मी 'प्लेजर' असा वाचला होता. मास्तरांनी तो पाच वेळा म्हणायला लावला. वर्ग हसत होता. त्यानंतर वर्षभर मी धडा वाचायला उठलो नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणती लावता लावता नात म्हणाली, "आजोबा, दिवाली आली!" 'ळ' तिच्या जिभेला वळत नाही. तो मी आजवर एकदाही सुधारलेला नाही. उलट फोनवर ती 'दिवाली' ऐकायला जीव आसुसलेला असतो. घरच्या सणाला जी सूट दिली, ती परक्या देवांना द्यायला माझे काय जात होते?

फराळ झाल्यावर मीच कपाटातून पुस्तक काढले. म्हटले, "त्याचा हातोडा चोरीला जातो आणि तो परत आणायला त्याला नवरीचा वेष घ्यावा लागतो, ती गोष्ट वाच ना."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिले. "मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

पहिल्याच वाक्यात त्या देवाचे नाव आले. ती क्षणभर थांबली आणि शेवटचा 'र' चांगला घोळवून पुढे गेली. मी चकली खात गप्प बसलो.